आवाजाची गाडी

॥ श्री ॥
भोईवाडा, परळ
१९ जानेवारी २०२५

चि. सुचित्रा हिस अ. उ. आ.

बाय, परळहून गिरगावात पत्र धाडणारा मुंबईत आता मी एकटाच उरलो असेन. पोस्टातली मुलगी पाकिटावरचा पत्ता वाचून हसते. म्हणते, आजोबा, बस पकडा आणि स्वतःच देऊन या ना. तिला काय सांगू, की माझ्या बहिणीला फोनवर ऐकू येत नाही, समोर बसून बोलायचं तर ती यंत्र कानात घालत नाही, आणि मोबाईलवर माझं बोट एका वेळी तीन अक्षरं दाबतं. तेव्हा हेच बरं. पत्रात निदान तू मध्ये बोलत नाहीस.

आज मात्र थट्टेचा विषय नाही. परवा संध्याकाळी जाई गल्लीत पडली. घाबरू नकोस, जिवावरचं नाही. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय, गुडघे सोलवटलेत.

तुझ्या वहिनीची रीत तुला ठाऊक आहे. काचबिंदूने डोळे नेले तेव्हापासून ती कानांनी चालते. दिवेलागणीच्या आधी एकटी जिना उतरते, गल्लीच्या कडेला थांबते, मान जराशी कलती करते आणि ऐकते. टॅक्सी, स्कूटर, हातगाडी, तिला सगळं लांबून कळतं. काही ऐकू आलं नाही म्हणजे रस्ता मोकळा. मग पलीकडे आग्नेसच्या पायरीवर जाऊन बसायचं, आणि दोघींनी सोडे निवडता निवडता अख्खा भोईवाडाही निवडून काढायचा. गिरणीचा भोंगा वाजत होता तेव्हापासूनची त्यांची ही बैठक. कुणी हात धरायला गेलं तर जाई झिडकारते. म्हणते, घरात तुम्ही सांगाल तशी वागते, एवढी गल्ली तरी माझी राहू द्या.

परवाही ती तशीच थांबली. ऐकलं, काही नव्हतं, पाऊल टाकलं. आणि त्या ‘काही नव्हतं’मधूनच गाडी आली. विजेवरची असणार. तळ्यात बदक सरकावं तशी सरकत आली आणि हिला बाजूने लागली. गाडीवाला उतरला, तिला उचललं, आग्नेसच्या पायरीवर आणून बसवलं, आणि एक अक्षर न बोलता निघून गेला! जाईने मेल्याक डोळे नाय काय, तोंड नाय काय, म्हणून त्याचा पुरता उद्धार केला. आग्नेस आत चहाचं आधण ठेवत होती, तिला शिव्या ऐकू आल्या. मग त्या मध्येच बंद पडल्या म्हणून ती घाबरून धावत बाहेर आली, तर जाई एकटी बसलेली. चाळीतल्या बायका हॉलवर हळदीकुंकवाला गेलेल्या, पुरुष कामावर. पाहणारं कुणी नाही. नशिबाने तेवढ्यात आमचा विनीत ऑफिसातून आला. पोरगा पांढराफटक पडला होता. आपली गाडी कोपऱ्यावर तशीच सोडून त्याने टॅक्सी बोलावली. गाडीतूनच नेऊ या की, मी म्हटलं, तर म्हणाला, चार्ज नाही.

मी कुठे होतो, असं तू विचारणार. गॅलरीतच होतो. पण तेव्हा समोरच्या टॉवरच्या काचांवर ऊन उतरत होतं, आणि मला तेरवणकर गुरुजींचा कवितेचा तास आठवत होता.

तुला विनीतची जुनी लाल पेट्रोलची गाडी आठवते? ती कोर्टाच्या वळणावर आली की मी म्हणायचो, आली बघ भुजंगप्रयातात. लगागा लगागा लगागा लगागा! गुरुजी बाकावर छडी आपटून तस्सा ताल धरायचे. जाईला वृत्ताशी देणंघेणं नव्हतं, ती तो ताल ऐकून विनीतसाठी चहा ठेवायची. गाडी चाळीखाली थांबायची आणि वर आधण उकळायचं. विजेची गाडी आली तशी ही घड्याळंच बंद पडली. जाई तिला मुकी म्हणते.

असो. त्या पळपुट्याला मी सोडणार नाही. कोपऱ्यावरच्या हेमचंद्रशेठच्या औषधाच्या दुकानाला कॅमेरा आहे. शेठ गावी गेलाय, त्याच्याशिवाय तो कुणाला उघडता येत नाही. आला की मी स्वतः बसून बघणार आणि मग पोलीस चौकी.

कळावे. छातीला जप. लोभ आहे तो तसाच राहू दे, माझी गॅलरीतली समाधी पोटात घालून.

तुझा,
लवूदादा

गिरगाव
२६ जानेवारी २०२५

ती. लवूदादास शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. वहिनीच्या हाताला सूज आहे का, रात्री झोप लागते का, हे लिहायचं सोडून तू मला लगागा लिहून पाठवतोस! दादा, वहिनीला दिसत नाही, मला ऐकू येत नाही, आणि तुझी दोन्ही शाबूत असून उपयोग काय? गॅलरीत उभं राहून गल्लीकडे बघायचं असतं. आकाश वहिनीच्या अंगावर येणार नव्हतं.

त्या गाडीवाल्याचं मला नवल वाटतं. टाकून पळायचं तर तो उचलायला का थांबला? आणि उचलण्याइतका भला होता तर बोलला का नाही? माझं डोकं दिवसभर तिथेच अडकलंय.

आणि एका माणसापायी सगळ्या विजेच्या गाड्यांना मुकी मुकी म्हणून नावं ठेवू नका. सध्या गिरगावात अशी हवा आहे की खिडकी उघडली तर मला पंप घ्यावा लागतो. विनीत दर महिन्याला मला छातीच्या डॉक्टरांकडे नेतो, तेव्हा त्याच्या गाडीत तेवढा वेळ मी मोकळा श्वास घेते. तुझ्या त्या लाल भुजंगाच्या धुराने मी हिंदमातेपर्यंत खोकत यायचे, विसरलास? येत्या गुरुवारी तो येणार आहेच. वहिनीसाठी शतावरीचा कल्प त्याच्याकडे देईन.

तिला कोंडून ठेवू नका. एवढी गल्ली तिची राहू द्या.

तुम्हा सर्वांस नमस्कार. लोभ असावा, आणि गल्लीवर लक्षही.

तुझी,
सुचित्रा

॥ श्री ॥
भोईवाडा
८ फेब्रुवारी २०२५

चि. सुचित्रा हिस अ. उ. आ.

घरात काहीतरी बिनसलंय आणि ते माझ्या आकलनापलीकडचं आहे.

विनीत विजेची गाडी विकतोय. पुन्हा पेट्रोलची घेतोय! हाच मुलगा तीन वर्षं आल्यागेल्याला त्या गाडीचं कीर्तन ऐकवायचा. धूर नाही, खडखड नाही, इंजिन नाही म्हणून दुरुस्ती नाही. आता विचारलं तर म्हणतो, चार्जिंगचा वैताग आहे. कसला वैताग? ऑफिसच्या तळघरात रोज फुकटात चार्ज व्हायची! अपेक्षा तर अवाक झालीय. माझी सून सहसा आवाज चढवत नाही, पण परवा म्हणाली, बाबा, यांना विचारा तरी, आपण पुढे चाललोय की मागे. मी विचारलं. विनीत बूट घालून निघून गेला.

त्याआधी एक वेगळाच प्रकार झाला. चिंचपोकळीच्या कुठल्याशा कारखान्यातून त्याने त्या गाडीला भोंगा बसवून आणला होता. गाडी हळू चालली की तो आपोआप वाजायचा. गल्लीत शिरताच अशी काही केविलवाणी शीळ निघाली, की खालच्या मजल्यावरची पोरं कुल्फीवाला आला म्हणून पैसे मागायला घराघरात धावली. आग्नेस पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. जाईसुद्धा हसली. विनीत तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा काढून टाकला आणि पेट्रोलच्या गाडीची बोलणी सुरू केली.

आईशी तो बोलत नाही. म्हणजे भांडण नाही. औषधं वेळेवर आणतो, प्लास्टरखाली खाज सुटते म्हणून विणायची लांब सुई आणून देतो, पण तिच्या हाताशी ठेवून मुकाट्याने निघून जातो. पूर्वी दारातून आत पाऊल टाकतानाच आये करून हाक असायची. आता चप्पल काढल्याचाही आवाज करत नाही. एक दिवस मला म्हणाला, तिला एकटीला खाली सोडू नका. जाईने ते ऐकलं. तिने वाद घातला नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटली. तेव्हापासून ती गॅलरीत बसून असते. आग्नेसचे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून दोघी गल्लीच्या दोन काठांवरून ओरडून बोलतात. पण ओरडून काय बोलणार? जेवलीस का, जेवले. झालं.

हे सगळं त्या पळपुट्याने केलं, बाय. आमचं घरच मुकं करून गेला. हेमचंद्रशेठ पंधरवड्याने येतोय. विनीतला सांगितलं, तू पण चल कॅमेरा बघायला. तर ताटावरून उठला. म्हणाला, काय करायचंय, झालं ते झालं. ज्याच्या आईला गाडीने उडवलं तो मुलगा असं म्हणतो! मला त्याचा राग आला, आणि मी ते बोलून दाखवलं.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळव.

कळावे. आमच्या वाट्याची माया पाकिटात जरा जास्त घालून पाठव, सध्या घरात टंचाई आहे.

तुझा,
लवूदादा

गिरगाव
१३ फेब्रुवारी २०२५

ती. लवूदादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा विनीत येऊन गेल्याला बरेच दिवस झाले होते. तुला लगेच लिहायला हवं होतं. दोनदा कागद घेतला आणि फाडला.

तो टॅक्सीने आला होता. गाडी कुठे, तर बंद आहे. डॉक्टरांकडे जाऊन आलो, त्यांनी तेच सांगितलं, पंप आणि गरम पाणी. परत आल्यावर मी त्याला ओल्या काजूची उसळ वाढली. त्याने चमच्याने नुसती इकडची तिकडे केली. मग मी भांडी घासायला घेतली आणि तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला. माझं यंत्र डबीत होतं, ते त्याने पाहिलं होतं. दादा, त्याला वाटलं, आत्याला काही ऐकू येत नाही. म्हणून तो बोलला. बराच वेळ बोलला, अधूनमधून थांबून, समोर बघत. भिंतीशी बोलावं तसा.

मोरीच्या वर माझा आरसा आहे, हे तो विसरला. आणि इतकी वर्षं बहिरेपणात काढलेली बाई माणसाचे ओठ वाचते, हे तर त्याला कधी माहीतच नव्हतं.

तो काय बोलला ते मी तुला लिहिणार नाही. ते मला सांगितलेलं नाही, मी चोरून वाचलेलं आहे. पण तुझ्या पाया पडून दोन गोष्टी मागते. पहिली, त्याला पेट्रोलची गाडी घेऊ दे. मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेते. माझ्या छातीचं मी बघेन, काचा वर करून बसेन. त्याला आवाजाची गाडी हवीय, आपली गाडी आली हे माणसाला कळावं एवढंच त्याला हवंय. त्याला मागे चाललास म्हणून टोचू नका.

दुसरी, तो कॅमेरा बघायला जाऊ नकोस. चौकीवर तर मुळीच नको. का, ते विचारू नकोस. लहानपणी मी विहिरीच्या काठावरून खाली बघायला लागले की तू मागून परकर धरायचास. आज मी तुझा सदरा धरलाय असं समज.

वहिनीला यातलं काही वाचून दाखवू नकोस.

लोभ असावा, आणि या एका वेळी तरी विश्वास.

तुझी,
सुचित्रा

॥ श्री ॥
भोईवाडा
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सुचित्रा हिस अ. उ. आ.

तू सदरा धरलास, पण मी सदरा फाडून गेलो. तुझं पत्र वाचून मला कळायला हवं होतं, ते कळलं नाही. मला वाटलं, त्या पळपुट्याने विनीतला गाठून धमकावलंय, आणि तू भित्रट म्हणून मला अडवतेस. अशा वेळी माझ्या डोक्यात जुन्या पुस्तकातले शूर बाप जागे होतात. काल हेमचंद्रशेठ आल्याचं कळलं आणि मी टोपी घातली.

जाई म्हणाली, मी येतंय. मी म्हटलं, तुला काय दिसणार? तर म्हणाली, तुमका काय दिसता ता बघूक येतंय. तिचा डावा हात धरून नेलं. ती इतक्या दिवसांनी गल्लीत उतरली, पण मान कलती केली नाही. थांबलीसुद्धा नाही. माझ्याबरोबर चालत राहिली, जशी कुणाच्याही बरोबर कुणीही चालावं.

शेठने आम्हाला गल्ल्यामागे बसवलं. पडद्यावर आपली गल्ली होती, वरून पाहिलेली, पोराने काढलेल्या चित्रासारखी. तारीख लावली. वेळ पुढे सरकवू लागला. शेठ म्हणाला, काकी आल्या बघा. जाई कडेला येऊन उभी होती. कलत्या मानेची, हिरव्या लुगड्यातली. बाय, मी माझ्या बायकोला असं लांबून कधी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात गाडीचं नाक दिसायला लागलं. पांढरं.

आणि जाईने गल्ल्यावर प्लास्टरचा हात आपटला. बंद करा ता, म्हणाली. शेठला वाटलं तिला त्रास होतोय. त्याने चित्र थांबवलं, पाणी दिलं. तिने पाणी घेतलं नाही. शेठ, ह्या पुसून टाका, म्हणाली, माझ्या घरचा हा. शेठ माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? त्या पांढऱ्या नाकाला डाव्या दिव्याखाली एक खरवड आहे, गेल्या दिवाळीत अपेक्षाकडून खांबाला घासली तेव्हाची. मी ती पाहिली होती. तेवढंच पाहिलं, पण तेवढं पुरे होतं. शेठने माझ्या समोर ते पुसलं. भला माणूस, काही विचारलं नाही.

परतताना ती कोर्टाच्या भिंतीशी थांबली आणि सगळं बोलली. पडली तेव्हा तिने शिव्या दिल्या त्या खऱ्याच दिल्या. मग त्या माणसाने तिला उचललं. लोक आंधळ्याला मनगटाला धरून ओढतात, म्हणाली. एकटा विनीत असा आहे की दंडाला धरतो, आणि उचलण्याआधी दोनदा थोपटतो, चल म्हणून. तिला थोपटलं गेलं, एकदा, आणि परत एकदा. तिथे तिच्या शिव्या थांबल्या. पायरीवर बसल्यावर तिने वाट पाहिली, आता बोलेल म्हणून. तो गेला. मग कोपऱ्यावरून चालत परत आला आणि काय झाला आये, म्हणून विचारलं. तिथेही तिने वाट पाहिली. टॅक्सीत पाहिली, इस्पितळात पाहिली. अजून पाहतेय.

मी विचारलं, तू का नाही बोललीस? तर म्हणाली, त्येका वाटला माका कळाक नको, मगे मी कित्याक सांगू? सांगात तेव्हा सांगात. आणि मला दटावलं, तुम्ही तोंड उघडलंत तर याद राखा. आईने ओळखलं म्हणून आपण कबूल केलं, असं त्याला जन्मभर वाटायला नको. त्याने आपल्या पायांनी यायला हवं.

म्हणून मी गप्प आहे. रात्री जेवायला चौघे बसतो. मला माहीत आहे, तिला माहीत आहे, त्याला माहीत आहे. एकटी अपेक्षा विचारते, भात वाढू का. मी ज्याला चौकीवर न्यायला निघालो होतो तो माझ्यासमोर वरणभात कालवत असतो, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचीही मला बंदी आहे. बाय, मला वृत्त आठवत नाही, कविता आठवत नाही. हे किती दिवस चालायचं?

कळावे. लोभ ठेव. सदरा पुन्हा धरलास तर या वेळी थांबेन.

तुझा,
लवूदादा

गिरगाव
४ मार्च २०२५

ती. लवूदादास शि. सा. न. वि. वि.

तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक होतं. पण वहिनी अशी निघेल हे ठाऊक नव्हतं. ती इतके दिवस ओळखून गप्प बसली, आणि आपण दोघं तिला काही कळू नये म्हणून धडपडत होतो.

आता लिहायला हरकत नाही. आरशात मी जे वाचलं ते असं. आईच्या तोंडून तोंड नाय काय असं ऐकलं आणि माझं तोंड मिटलं, असं तो म्हणत होता. तेव्हा बोललो असतो तर तिने ज्याला शिव्या दिल्या तो मी ठरलो असतो, आणि हे तिला आयुष्यभर डाचलं असतं. म्हणून न बोलता गेलो, आणि एकदा न बोललो म्हणून आता बोलता येत नाही. हे तो परत परत म्हणत होता. बोलता येत नाही, आत्या. बहिऱ्या बाईला.

दादा, वेळ फार नाही. परवा अपेक्षा येऊन गेली. विनीतने पुण्याच्या ऑफिसात बदली मागितलीय, पाडव्यानंतर निर्णय होणार. तिला काही कारण सांगत नाही. पेट्रोलची गाडी पाडव्याला घरी येणार, आईला तिच्या ओळखीचा आवाज देणार, आणि मग हा जाणार. अपेक्षाला वाटतं त्याच्या आयुष्यात कुणी दुसरी आहे. रडत होती बिचारी. मी नुसते तिचे डोळे पुसले, कारण वहिनीचा हुकूम तुला आहे तसा मलाही आहेच. पण एवढं मोठं गुपित सांभाळायला माझी छाती आता पुरत नाही.

बदलीचं वहिनीला सांग. तेवढं सांगायला तिने मना केलेलं नाही. पुढे ती बघेल.

तुम्हा सर्वांस नमस्कार. लोभ असावा, लपवाछपवी नसावी.

तुझी,
सुचित्रा

॥ श्री ॥
भोईवाडा
३१ मार्च २०२५

चि. सुचित्रा हिस अ. उ. आ.

काल पाडवा झाला. तू खोकल्याने आली नाहीस, म्हणून सगळं जसंच्या तसं लिहितो.

तू सांगितल्याप्रमाणे बदलीचं मी जाईच्या कानावर घातलं होतं. तेव्हा तिने विणायची सुई चाचपून डब्यात ठेवली, एवढंच. माझा तर धीर सुटला होता.

सकाळी गॅलरीत गुढी उभारली. विनीत गाडी आणायला गेला होता. चाळीतली माणसं कठड्याला टेकून उभी, अपेक्षा हळदकुंकवाचं ताट घेऊन, जाई स्टुलावर, आग्नेस समोर पायरीवर नवा झगा घालून. कोर्टाच्या वळणावर गाडी आली ती सगळ्यांच्या आधी जाईने ऐकली. तिची मान कलली, बाय! जानेवारीनंतर पहिल्यांदा. गाडी साधीच आहे, कुणाची तरी वापरलेली, निळी. पण इंजिनाचा आवाज भरदार. आग्नेसने पायरीवरून टाळ्या वाजवल्या आणि ओरडली, जाई, ऐकलंस ना गं? चाळीखाली येऊन गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. आईने उतरून ओवाळावं म्हणून विनीत आत बसून राहिला होता.

जाई उठली. कठडा धरला, खाली वाकली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, गाडी इली. माझो झील खंय?

लोक हसले. अपेक्षाही हसली, म्हणाली, आई, तुमचे चिरंजीव गाडीतच आहेत. जाई म्हणाली, गाडीचा माका सांगा नको, ती बोलता. दोन-अडीच महिने माझ्या घरात एक माणूस येता नि जाता, त्येका तोंड नाय. त्येना म्हणे पुण्याक जावचा आसा. जाऊ दे त्येका. पण माझो झील खंय तो माका आधी सांगा.

हसणं थांबलं. ताटातली निरांजनं तेवढी हलत होती.

खाली इंजिन बंद झालं. मग दाराचा आवाज. विनीत उतरला. जिथे ती पडली होती नेमक्या त्याच जागी येऊन उभा राहिला, ते त्याला कळलं की नाही देव जाणे. वर बघत होता. किल्ली हातात होती. मला वाटलं, आता हा परत गाडीत बसणार आणि सरळ निघून जाणार. जाईचा हात मी कठड्यावर पाहिला, पांढरा पडला होता.

मग तो बोलला. शाळेतून येऊन खालून हाक मारायचा तेव्हाचा आवाज, फाटका. आये, तो मी होतंय.

जाईने श्वास सोडला तो मला शेजारी ऐकू आला. म्हणाली, म्हायत आसा. वर ये, चाय ठेवलंय.

चाय ठेवलंय म्हणाली खरी, पण ठेवला कुठे होता? मग भिंतीला हात लावत लगबगीने आत गेली आणि बऱ्या हाताने आधण ठेवलं. जिन्यावर विनीतची पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या गाळत. तो स्वयंपाकघरात गेला. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. अपेक्षा दाराशी जाऊन उभी राहिली, थोड्या वेळाने ताट तिथेच खाली ठेवून तीही आत गेली. मी गॅलरीत थांबलो. या वेळी आकाशाकडे बघत नव्हतो, तुझी शपथ. आग्नेस खालून हातवारे करून विचारत होती, काय झालं म्हणून. मी हातानेच सांगितलं, चहा.

पुण्याचं रद्द झालं. विनीतने मला स्वतः सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला, आणि मी माझा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

संध्याकाळी गाडीची पूजा झाली. जाईने बॉनेट चाचपून कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि तेवढ्यात विनीतने इंजिन चालू केलं. धुराचा भपकारा तिच्या नाकात गेला. खोकत खोकत काय म्हणाली असेल? हिचो वास मेलो किती येता! तुकाच बोलूचा होता तर ती मुकी काय वायट होती? विनीत स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला, तो थांबेचना. अपेक्षाने कपाळावर हात मारला. विजेची गाडी गेली ती गेली, बाय. आता तुला न्यायला ही निळी येईल, त्या दिवशी काचा वर करून बस आणि आम्हाला मनसोक्त शिव्या दे.

आज दिवेलागणीला जाई एकटी खाली उतरली. कडेला थांबली, मान कलती केली. कोपऱ्यावर विनीत येत होता. गाडीचा आवाज होताच, तरी त्याने काच खाली करून हाक मारली, आये, थांब गो, मी इलंय. ती थांबली. त्याला पुढे जाऊ दिलं, मग आग्नेसकडे गेली. विनीत वर आला तेव्हा चहा नव्हता. मग मी ठेवला. कडू झाला.

कळावे. लोभ असावा, आणि असला तर बोलून दाखवावा.

तुझा,
लवूदादा